गिरणारे रस्त्यावरील भाड्याची शेतवाडी : पाच गुंठ्यांत काय भागते आणि काय भागत नाही

नाशिकहून गंगापूर रस्त्याने गिरणारेकडे जाताना द्राक्षबागा आणि तार-बांबूवर बांधलेले टोमॅटो यांच्या मधोमध एक शेतवाडी लागते. तेथे शहरातील कुटुंबांना अडीच, पाच किंवा दहा गुंठ्यांचा तुकडा वर्षाच्या वर्गणीवर कसायला मिळतो. नांगरट, शेणखत, ठिबक, रोपे आणि आठवड्यातून दोन दिवसांची मजुरी वर्गणीत धरलेली असते. तोडणी आणि घरापर्यंतची वाहतूक ज्याची त्याने करायची. पाच गुंठ्यांची वर्गणी महिना तीन हजार रुपये आहे. आम्ही घरची चौघे असून पाच गुंठ्यांचा तुकडा आम्ही वर्षभर कसला. वाडीचे नाव येथे देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार व्यवस्थेबद्दल नसून माहितीपत्रकातील एका वाक्याबद्दल आहे : ‘दहा गुंठ्यांत चौघांचे कुटुंब स्वयंपूर्ण, शिवाय उरलेला माल विकून वर्गणी वसूल.’ या वाक्यात दोन वेगळे दावे एकमेकांना चिकटवले आहेत. पहिला घरच्या ताटाचा, दुसरा बाजाराचा. दोघांचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो, आणि दोघांना लागणारी जमीनही वेगळी असते.

आधी जे उत्तम आहे ते सांगतो. भाजीपाल्याच्या बाबतीत ही वाडी दिलेला शब्द पाळते. रोपे रोपवाटिकेतून ट्रेमध्ये येतात, मुळे गुंतलेली आणि निरोगी असतात. गादीवाफे सरळ आणि पुरेसे उंच केलेले असल्यामुळे जुलै-ऑगस्टच्या झडीतही पाणी साचून मूळकुज झाली नाही. निळे आणि पिवळे चिकट सापळे वेळेवर बदलले जातात. फवारणी दशपर्णी अर्क आणि निंबोळी अर्काचीच होते आणि तिची नोंद मुकादमांच्या वहीत असते; ती वही कोणालाही पाहायला मिळते, ही गोष्ट मला विशेष आवडली. मेथी कापायला सकाळी लवकर गेले की पानांवर दव असते, जुडी उपटली की मुळांना काळ्या मातीचा ओला गोळा येतो, आणि घरी येईपर्यंत गाडीभर तिचा वास राहतो. बाजारच्या मेथीला हा वास नसतो, कारण ती आदल्या संध्याकाळी उपटून, पाणी मारून, पोत्यात दाबून आलेली असते.

प्रमाणाच्या दृष्टीनेही पाच गुंठे भाजीला पुरून उरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढ माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. चौघांना दिवसाला १.६ किलो, म्हणजे वर्षाला ५८४ किलो. एका हंगामात गुंठ्याला शंभर किलो भाजी हा अंदाज फार मोठा नाही, आणि पाण्याची सोय असेल तर वर्षात तीन हंगाम निघतात. म्हणजे सतत लागवडीखाली असलेले तीन-चार गुंठे नासधूस धरूनही पुरतात. आमचा अनुभव याला धरूनच होता. गवार, भेंडी, वांगी, दोडका, पालक, कोथिंबीर, मुळा आणि हिरवी मिरची यांसाठी पावसाळ्यापासून होळीपर्यंत बाहेर फारसे पाहावे लागले नाही. उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो.

मात्र याला बचत म्हणू नये. वर्गणीचे वर्षाचे छत्तीस हजार होतात. पाचशे चौऱ्याऐंशी किलो भाजी पन्नास रुपये सरासरी भावाने बाहेरून घेतली, तर एकोणतीस हजार दोनशे पडतात. शिवाय पेट्रोल. ताजेपणा, मुलांना माती कळणे आणि रविवारची सकाळ यांचे मोल ज्याने त्याने धरावे. ते मी धरले आणि मला ते परवडले. परंतु ‘भाजीचा खर्च वाचतो’ असे जे तेथील कर्मचारी नव्या सभासदांना सांगतात, ते खरे नाही.

आता स्वयंपूर्णतेकडे येऊ. दहा गुंठ्यांचा आकडा माहितीपत्रकाने कोठून उचलला हे महाराष्ट्रातील शेतीचा थोडाफार परिचय असलेल्या कोणालाही ओळखू येईल. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या जाळ्याच्या माध्यमातून अशी मांडणी केली होती की पाव एकरात, म्हणजे दहा गुंठ्यांत, पाच माणसांचे कुटुंब चांगले जगू शकते. परंतु त्या मांडणीत पानांचे क्षेत्रफळ मोजणारा, काडीकचरा कुजवून माती घडवणारा आणि रोज प्रत्येक झाडापाशी थांबणारा प्रयोगशील माणूस गृहीत होता; रविवारी येऊन टोपली भरून जाणारा सभासद नव्हता. आणखी एक गोष्ट येथे आठवते : याच दाभोळकरांचा महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांशीही निकटचा संबंध होता आणि द्राक्ष हे तर निव्वळ विकण्याचे पीक. म्हणजे ज्यांनी दहा गुंठे सांगितले त्यांनीही बाजाराकडे पाठ फिरवली नव्हती. माहितीपत्रकाने आकडा घेतला आणि त्यामागचे श्रम सोडून दिले.

नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे साध्या शेतकऱ्याला साधारण बऱ्या वर्षी जे उत्पन्न निघते तेवढेच धरून, चौघांच्या ताटाचा हिशेब मी मांडून पाहिला. पोषण संस्थेच्या त्याच सूचनांप्रमाणे माणशी दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि २७ ग्रॅम तेल लागते. चौघांचे वर्षाचे धान्य ३६५ किलो होते. आपल्याकडे भाकरी-पोळीवर भर असल्याने चार क्विंटल धरू. त्यातली दोन क्विंटल बाजरी खरिपात एकरी पाच क्विंटलने घेतली तर सोळा गुंठे लागतात. दोन क्विंटल गहू रब्बीत, पाणी देऊन, एकरी दहा क्विंटलने आठ गुंठ्यांत होतो. डाळीची वर्षाची गरज सुमारे १२५ किलो. निम्मी तूर आणि निम्मा हरभरा धरला, भरडताना निघणारा कोंडा-चुनी वजा केली, तर तुरीला साडेआठ आणि हरभऱ्याला साडेसहा गुंठे. तेलाची गरज ३९ किलो. भुईमुगाच्या शेंगा एकरी सहा क्विंटल, त्यातून सत्तर टक्के दाणे आणि दाण्यातून घाण्यावर चाळीस टक्के तेल, या हिशेबाने साडेनऊ गुंठे. त्यात भाजीचे चार गुंठे मिळवले की खरिपात अडतीस गुंठे अडकतात, आणि एकराचे गुंठे चाळीस. रब्बीत तूर जानेवारीपर्यंत उभी असते, गहू-हरभऱ्याला चौदा-पंधरा गुंठे जातात, आणि जे दहा-बारा गुंठे उरतात त्यांत घरापुरता कांदा, लसूण आणि गाईचा हिरवा चारा. म्हणजे बारमाही पाणी असेल तर एक एकर, दूध धरले तर सव्वा. पाणी नसेल तर रब्बी जवळजवळ नाहीच, आणि मग दोन-अडीच एकरांखाली हे गणित बसत नाही.

दहा गुंठे हा त्याचा चौथा हिस्सा. दहा गुंठ्यांत भाजी, थोडा कांदा-लसूण, तोंडी लावण्यापुरत्या शेंगा आणि कडेने शेवगा-पपई-लिंबू, एवढे नीट होते. याला ‘भाजीपुरते स्वयंपूर्ण’ म्हणावे. त्यापुढचा शब्द वापरणे म्हणजे ग्राहकाच्या डोळ्यांत धूळ टाकणे आहे. वाडीच्या व्यवस्थापकांसमोर हा हिशेब ठेवला तेव्हा त्यांनी तो खोडून काढला नाही. ‘साहेब, लोकांना धान्य पिकवायचंच नसतं, त्यांना फोटोत वांगी हवी असतात,’ एवढेच म्हणाले. प्रामाणिक उत्तर होते. तेच माहितीपत्रकात छापायला हरकत नव्हती.

दुसरा दावा उरलेला माल विकण्याचा, आणि येथे मात्र ही योजना साफ उघडी पडते. सभासदाच्या तुकड्यात घरच्या गरजेहून जास्त माल निघाला, तर वाडी तो स्वतःच्या गाडीने बाजारात नेते आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करून पैसे जमा करते. कल्पना चांगली वाटते. पण सगळ्या तुकड्यांवर रोपे एकाच ट्रेखेपेची असतात, लागवड एकाच आठवड्यात होते आणि त्यामुळे सगळ्यांचे टोमॅटो एकदम पिकतात. त्याच सुमारास गिरणारे आणि आसपासच्या शिवारातील खरे टोमॅटो उत्पादकही तोडणीवर असतात. ऐन आवकेत आमच्या तीन जाळ्या (क्रेट) गेल्या, जाळीत वीस किलो. पट्टीवर भाव जाळीला ११० रुपये, एकूण ३३०. त्यातून वाहतूक ७५, निवड आणि भराई ६०, व्यवस्थापन शुल्क ३३. हाती १६२ रुपये. साठ किलो टोमॅटोचे किलोला पावणेतीन रुपयेही नाहीत. त्याच आठवड्यात कॉलेज रोडच्या दुकानात टोमॅटो वीस रुपये किलोने मिळत होता. वाडीने यात काही लबाडी केली असे मी म्हणत नाही. कपाती आधीच लिहून दिलेल्या होत्या आणि भाव लिलावाचाच होता. परंतु ‘वर्गणी वसूल’ हे शब्द ज्याने लिहिले त्याने आयुष्यात एकदा तरी पट्टी हातात धरली असेल, असे मला वाटत नाही.

विकण्यासाठी पिकवायचे तर तुकडा मोठा लागतो, एवढेच याचे उत्तर नाही. खायच्या पिकाला किती जमीन लागते हे पोट ठरवते, आणि पोट फारसे बदलत नाही. विकायच्या पिकाला किती जमीन लागते हे भाव ठरवतो, आणि तो आपल्या हातात नसतो. नाशिक जिल्ह्याइतके हे कोणाला ठाऊक असणार? उन्हाळ कांदा एकरी शंभर क्विंटल निघाला असे समजू. क्विंटलला दोन हजार मिळाले तर दोन लाख, सहाशे मिळाले तर साठ हजार, आणि बियाणे, लागवडीची मजुरी, खते, काढणी आणि साठवणीच्या चाळीतील घट दोन्ही वेळेला तेवढीच. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क आले, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी झाली, मे २०२४ मध्ये ती उठली तरी शुल्क राहिले, आणि ते पूर्णपणे गेले १ एप्रिल २०२५ पासून. या काळात लासलगाव-पिंपळगावकडच्या कोणाचीही जमीन गुंठाभरानेही वाढली-घटली नव्हती. पण तिच्यातून घर चालेल की नाही याचे उत्तर मात्र प्रत्येक अधिसूचनेसरशी बदलत गेले. २०१८ साली निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे हाती आलेले १०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले होते, ते अजून लोक विसरलेले नाहीत. द्राक्षाचेही तसेच. २०१० साली युरोपात क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशाचे कारण देऊन माल अडला. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाड परिसरात झालेल्या गारपिटीने तयार होत आलेल्या बागा एका संध्याकाळी झोडपल्या. बागायतदाराची चार एकर बाग म्हणजे सुबत्ता असे शहरात बसून वाटते. प्रत्यक्षात गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीपासून, माल जाईपर्यंत त्या चार एकरांवर कर्ज उभे असते.

तर मग विकायचेच कशाला, घरापुरते पिकवून बसावे, असे म्हणणारे सभासदही वाडीवर भेटतात. त्यांच्यासाठी मी तेथेच खुरपणीला येणाऱ्या एका ताईंचे बोलणे नोंदवतो. त्या पेठ तालुक्याच्या बाजूच्या. घरची दोन एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, जमीन आणि थोडे भाताचे खाचर. भात, नागली, वरई आणि उडीद घरचे. पाऊस भरपूर, पण दिवाळीनंतर पाण्याचा थेंब नाही. म्हणून द्राक्षाच्या छाटणीपासून काढणीपर्यंत त्या नवऱ्यासह या बाजूला येतात. ‘खायचं घरचंच आहे भाऊ, तांदूळ-नागली विकत नाही घेत आम्ही. पण पोरगी नर्सिंगला आहे. कॉलेजवाले नागली घेत नाहीत ना.’ त्या हसल्या आणि पुन्हा वाफ्यात वाकल्या. माहितीपत्रकातील स्वयंपूर्णतेच्या व्याख्येत हे कुटुंब चोख बसते. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. नुसते खायचे म्हटले तर सरासरी खातेदाराला तेवढी जमीन पुरायला हवी. त्याला बाजारात ओढून नेते ते शिक्षण, दवाखाना, लग्न, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता. या गोष्टी गुंठ्यांत पिकत नाहीत, त्यांना रोख लागते. आणि सरासरी आकड्यात बारमाही पाण्याची सव्वातीन एकर आणि पेठ-सुरगाण्याची सव्वातीन एकर एकच मानली जाते, हेही विसरता येत नाही.

हे सगळे एका भाजीच्या वाडीच्या परीक्षणात सांगण्याचे कारण असे की त्या माहितीपत्रकाच्या भरवशावर नोकरी सोडून दहा-वीस गुंठे शोधायला निघालेले दोन सभासद मला तेथेच भेटले. त्यांना सांगावेसे वाटते की शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा लहान तुकड्यांच्या खरेदीच्या आड येतो, आणि भाड्याने घ्यावी तर कसणारा कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल या धास्तीने मालक अकरा महिन्यांच्या पुढे लिहून द्यायला तयार नसतो. या वाडीचा करारनामाही भाडेपट्ट्याचा नसून ‘सभासदत्वा’चा आहे, तुकड्यावर सभासदाचा कसलाही हक्क नाही असे त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. सही करताना ते पान वाचावे.

व्यवस्थेतील उणिवा थोडक्यात सांगतो. मार्चअखेर विहिरीचे पाणी खाली जाते आणि शेततळ्यावर भिस्त येते. एप्रिल-मेमध्ये ठिबक एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड चालते. काकडी आणि वेलवर्गीय भाज्या या दिवसांत कडू होतात. वर्गणीत मात्र काही सूट नाही. ठिबकच्या नळ्यांची टोके वेळच्या वेळी उघडून धुतली जात नाहीत. आमच्या शेवटच्या ओळीतली वांगी एकाएकी का माना टाकू लागली हे पाहायला गेलो, तर टोक उघडल्यावर गाळाची काळी पेज बाहेर आली. मुकादमांना सांगितल्यावर त्यांनी त्याच दिवशी सगळ्या ओळी धुतल्या, पण सांगावे लागले. पार्किंगपासून तुकड्यापर्यंतची वाट पावसाळ्यात चिखलाची असते, ज्येष्ठ मंडळींना जड जाते. बिबट्याच्या भीतीने संध्याकाळी साडेसहानंतर कोणालाही आत थांबू देत नाहीत, हे नियम म्हणून चांगले आहे.

मी पुढच्या वर्षी सभासदत्व ठेवणार आहे, पण पाच गुंठ्यांऐवजी अडीच घेणार आणि फक्त ऑक्टोबर ते मार्च. सहा महिन्यांची अशी वर्गणी देतात, माहितीपत्रकात नसली तरी विचारल्यावर देतात. अडीच गुंठ्यांत दोन्ही बाजूंना गादीवाफे आणि मध्ये एक वाफा कांदा-लसणाचा बसतो, आणि बाजारात न्यावे एवढे काही उरत नाही, म्हणून पट्टीचाही प्रश्न येत नाही. गहू आणि बाजरी निफाडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून काढणीच्या वेळी थेट घेतो. आडतीच्या भावापेक्षा त्याला क्विंटलमागे थोडे जास्त मिळतात, मला दुकानापेक्षा कमी पडतात, आणि ते धान्य पिकवायला लागणाऱ्या चोवीस गुंठ्यांचा घोर मला नसतो. ज्यांना पाच गुंठेच हवे असतील त्यांनी लागवडीच्या तारखा पंधरा-पंधरा दिवसांनी तोडून मागाव्यात. मुकादम थोडे कुरकुरतात, पण वहीत तशी नोंद करून देतात.

तुकडा निवडताना विहिरीकडची ओळ मागावी. टेकडीकडच्या ओळीत मुरूम वीतभर खाली लागतो, तेथे गाजर आणि मुळा वाकडे येतात आणि फाटतात. रब्बीच्या वाटपाची यादी गणपतीच्या सुमारास लागते.